कोळशाची पंगत

उकंडरावाच्या पोरीचा मुहूर्त बाराचा, आणि नवरदेवाची पॅसेंजर सकाळपासून मागच्या स्टेशनात बाजूच्या लाइनीवर उभी. कोळशाच्या दोन मालगाड्या तिला मागे टाकून गेल्या, तिसरी यायची होती.

गाड्या सोडणारा मोठा साहेब नेमका आमच्या मांडवात पाहुणा. उकंडरावानं हात जोडले. साहेब म्हणाला, "कोळसा आधी. माणसं तासभर थांबली तर काय बिघडतं?"

मग साहेबाला भूक लागली. वाढायला मी होतो. आचाऱ्याच्या भट्टीजवळची कोळशाची तीन पोती मी उचलून आणली, साहेबाच्या अलीकडे ओळीनं बसवली, त्यांच्यापुढे पानं मांडली आणि पहिल्या पोत्याला सावकाश बुंदी वाढू लागलो.

"अरे म्हाताऱ्या, माझं पान?"

"कोळसा जेवतोय साहेब. अजून दोन पोती राहिलीत. तुम्ही पडले माणूस, तासभर थांबलात तर काय बिघडतं?"

अख्खा मांडव हसला. साहेबानं मान खाली घालून फोन लावला, "ती पॅसेंजर आधी सोडा."

बाराला दहा मिनिटं असताना नवरदेव उतरला. साहेबाला मी पोटभर वाढलं. पोती मात्र उठवली नाहीत. वऱ्हाडाची परतीची पॅसेंजर अजून जायची होती.