न धुतलेलं अंडं

पाखरांच्या त्या राज्यात अंडी सगळेच घालत. पण आपलं अंडं आपल्याच उबेनं फुटत नसे. त्याला दुसऱ्याचं पोट लागे. राजवाड्यापाशी मोठी उबवणीघरं होती. तिथल्या फळ्यांना एकसारख्या खाचा होत्या आणि खाचेत नेमकं बसेल तेच अंडं घेतलं जाई. बाकीची सन्मानपूर्वक परत येत. गावाबाहेर, बाभळीखालच्या एका फुटक्या टोपलीत, एक खुडूक कोंबडी बसलेली असे. पोटाखाली मावतील तेवढीच अंडी ती घेई, आणि तिचं पोट काही फार मोठं नव्हतं.

टिटवीचा जोडा नुकताच जमला होता. माळावर खडे मांडून तिनं संसार थाटला होता; भिंत नाही, छप्पर नाही, त्यामुळे झाडलोटही नाही. तिचा आवाज मात्र अशुभ मानत. तो कानावर आला की घरोघरी दारं लागत. तिची अंडीही खड्यांसारखी, ठिपक्यांची. उबवणीघरातून एक परत आलं, तेव्हा दुसरं तिनं ओढ्यावर नेऊन घासघासून धुतलं आणि कोंबडीपुढे ठेवलं.

कोंबडीनं ते हुंगलं. "धुतलंस?"

"पहिल्यांदाच येत होते, मावशी. बरं दिसावं म्हणून."

"सगळ्या धुऊनच आणतात. अगं, कवचावर साय असते एक. ती गेली की आत वारा शिरतो, अंडं नासतं." तिनं ते हलकेच परत सरकवलं. "तुझी माती असू दे त्यावर."

त्या मोसमातलं एकच अंडं आता उरलं होतं. त्याला चिखल लागलेला, वर एक काडी चिकटलेली. निदान काडी तरी काढावी म्हणून टिटवी चोच पुढे नेई आणि मागे घेई.

"काय चाललंय?" टिटव्यानं विचारलं.

"काही नाही. चोच आवरतेय."

"जमतं का बघ. मला तर तुझा अजून तसा अनुभव नाही."

ती अंडं घेऊन पोचली तेव्हा टोपलीपाशी पोपट उभा होता. आपलं अंडं कधी फुटेल, हे विचारायला तो कालही आला होता.

"तुला दाखवायला दर वेळी उठते, तेवढ्यात ते गार होतं," कोंबडी म्हणाली. पोपट गेला.

टिटवीचं अंडं तिनं टोपलीच्या फटीतून येणाऱ्या उन्हापुढे धरलं. हळूहळू फिरवून पाहिलं.

"आत हलतंय," ती शेवटी म्हणाली. "पण जागा नाही गं."

टिटवी अंडं उचलायला वाकली.

"थांब जरा." कोंबडीनं स्वतःच्या पोटावरची पिसं चोचीनं उपटली, एकेक करून टोपलीबाहेर टाकली. पिसं गेली तेवढी जागा झाली. उघड्या पडलेल्या कातडीशी तिनं ते अंडं, काडीसकट, ओढून घेतलं.

त्यानंतर टिटवी तिकडे फिरकली नाही. पोपट तिच्या चांगला लक्षात होता. बऱ्याच दिवसांनी गेली, तेव्हा टोपलीत फुटकं कवच होतं, काडी अजून चिकटलेली.

"गेलं ते," कोंबडी म्हणाली. "फुटलं की थांबतात कशाला इथं."

टिटवीनं माळ पाहिला, ओढा पाहिला. संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या पारव्यांच्या वस्तीतून तिचाच आवाज आला, जरा बारीक, पण तिचाच. त्या वस्तीत तिला कुणी ओळखत नव्हतं.

"बोलावू का पिल्लाला?" टिटव्यानं विचारलं.

टिटवी पाहत होती. पारव्यांचं घुमणं थांबलं होतं, आणि त्यांचं दार उघडंच होतं.