खाणीचं पाणी आणि पाच शेर तांबं

कुदळ लावायची नाही, माणूस खाली उतरवायचा नाही, खजिन्यातून एक पै मिळायची नाही, आणि आठ दिवसांत हिरडगावच्या खाणीतलं पाच शेर तांबं दरबारात हजर करायचं! आबासाहेब महाराजांचा हुकूम झाला आणि सगळ्या माना म्हाळसा लोहारणीकडे वळल्या. हे विकतचं दुखणं तिनेच घेतलं होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी महाराजांनी तांब्याच्या खाणीची कंपनी काढली. पन्नास रुपयांना एक भाग. गावातल्या साठ-सत्तर शहाण्यांनी भाग घेतले आणि त्या शहाण्यांत म्हाळसाही होती. तिने घरची ऐरण विकून एक भाग घेतला. तेव्हापासून तिचा नवरा भिवबा नांगराचे फाळ दगडावर ठोकत होता. “लोखंडाने कुणाचं भलं झालंय?” असं त्या वेळी तीच म्हणाली होती. आता कुणी आठवण करून दिली की म्हणायची, “त्या दिवशी मला ताप होता.”

रोज संध्याकाळी गंगाप्पा हलवायाच्या दुकानापुढे भागवाल्यांची बैठक बसे. नारोपंत मास्तर वर्तमानपत्रातला तांब्याचा भाव वाचून दाखवत. भाव चढला की गंगाप्पा सगळ्यांना एकेक बत्तासा देई, आणि उतरला की दिलेल्या बत्ताशांचं त्याला वाईट वाटे. खाणीला पाणी फार लागलं होतं. ते उपसायला चाळीस बैल मोटांना जुंपले होते आणि सगळा पैसा त्या उपशातच जात होता.

“अजून वीस हात खाली गेलं की तांब्याची मोठी शीर लागणार,” मास्तर सांगत.

“कशावरून?”

“तसं छापलंय.”

खाण गावापासून तीन कोसांवर. पण दोन वर्षांच्या वादावादीत एकही भागवाला ती बघायला गेला नव्हता. म्हाळसासुद्धा नाही.

मग महाराजांनी पट्टी बसवली: उपशासाठी भागामागे आणखी दहा रुपये भरा, नाहीतर भाग जप्त. म्हाळसाच्या घरात विकण्यासारखा आता फक्त भाता उरला होता. भाता गेला की लोहारकीच संपली. मग खाण बंद करा म्हणून विनवायला तीही सगळ्यांबरोबर दरबारात गेली.

महाराज म्हणाले, “खाणीला माझं नाव आहे. ती बंद पडणार नाही.”

मास्तर खाली बघू लागले. गंगाप्पा मास्तरांकडे बघू लागला. म्हाळसाच्या तोंडून निघून गेलं, “सरकार, दोन वर्षं खणून निघालं नाही, ते न खणता तरी निघतंय का बघा.”

महाराज हट्टाला पेटले. “मग तूच काढ न खणता. निघालं तर पट्टी माफ. नाही निघालं तर दहाच्या जागी वीस, आणि सगळ्यांना.”

बाहेर आल्यावर भागवाले तिला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. “बोला, बोला,” म्हाळसा म्हणाली. “ऐरण विकणाऱ्या लोहारणीला अक्कल कुठून असणार?”

दुसऱ्या दिवशी ती भिवबाला घेऊन खाणीवर गेली. मोटांचं हिरवट-निळं पाणी एका डबक्यात पडून पुढे ओढ्याला जात होतं. काठावर एक मोटकरी मोटेचं कडं वाळूने घासत बसला होता. कडं लालभडक.

“तांब्याची कडी? चैन आहे कंपनीची,” म्हाळसा म्हणाली.

“कसलं तांबं, बाई. लोखंडच आहे. या पाण्यात राहिलं की असा रंग चढतो. घासून घासून हात गेले आमचे.”

“आणि निघालेला रंग?”

“ओढ्यात.”

“कंपनीचे साहेब देखरेखीला येतात ना, त्यांना सांगितलं नाहीत?”

“साहेब यायच्या आत घासून लख्ख करतो की.”

भिवबाने ती लाली नखाने खरवडली, चिमटीत चोळून उन्हात धरली आणि म्हणाला, “अगं, हे तांबं आहे. खाणीच्या पाण्यात विरघळलेलं, ते लोखंडावर चढतंय.” म्हाळसा आधी रडली, मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसत सुटली.

घरचं सगळं भंगार, जुने नाल, मोडके फाळ, गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, तिने डबक्यात टाकलं. रोज बाहेर काढून खरवडायचं, पुन्हा टाकायचं. आठव्या दिवशी भिवबाने भाता मारून सगळी भुकटी वितळवली. लगड साडेपाच शेर भरली.

महाराजांनी ती उलटसुलट करून पाहिली. “कुणाच्या घरचे हंडे वितळवलेस?”

म्हाळसाने खाणीच्या पाण्याची घागर पुढे ठेवली. “सरकारांची कट्यार मिळेल?”

कट्यार पाण्यात सोडली. महाराजांचा विडा खाऊन होईपर्यंत पातं लाल झालं.

“माझी कट्यार बिघडवलीस!”

“नाही सरकार, तिचा भाव वाढवला.”

महाराज पात्यावरून बोट फिरवत राहिले. “म्हणजे दोन वर्षं माझे चाळीस बैल...”

“तांबंच उपसत होते. आपण ते ओढ्यात सोडत होतो आणि उपशाच्या खर्चाने रडत होतो.”

महाराजांचा आवाज चढला. “हा मूर्खपणा कुणाचा? नाव सांग. आत्ताच्या आत्ता तुरुंगात टाकतो.”

म्हाळसाने पदर सावरला. “मूर्खपणा कंपनीचा, सरकार. नफा भागांप्रमाणे वाटायचा, तर हाही तसाच वाटू. माझा एक भाग, तेवढी मी मूर्ख. मास्तर तीन भागांचे, गंगाप्पा पाच भागांचे. आम्ही आपापला वाटा कबूल करतो. तुरुंगात जाताना फक्त ज्याचे भाग जास्त, त्याने पुढे चालायचं.”

निम्मी कंपनी महाराजांचीच होती, आणि हे दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाणजींनी भागांचं पुस्तक हळूच बैठकीखाली सरकवलं. महाराजांनी ते पाहिलं, ओठ आवळून धरले, आणि मग त्यांना हसू आवरेना. पगडी तिरकी झाली तरी ते हसतच होते.

“दिवाणजी, लपवता कशाला?” डोळे पुसत ते म्हणाले. “माझा वाटा मला पाठ आहे.”

पट्टी माफ झाली. डबक्याचा मक्ता म्हाळसाला मिळाला, दहा शेरांमागे एक शेर तिचा.