खळीचेंडूचा माळ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मेंढ्या बोलत असत आणि माणसे अधूनमधून त्यांचे ऐकतही असत.

डोंगरांमध्ये एक चिमुकले राज्य होते. तिथला पाहुणचार दूरदूरपर्यंत प्रसिद्ध होता, आणि थोडा धसका घेण्याजोगाही होता. पाहुणा यायचा म्हटले की वाटेवरचा प्रत्येक खड्डा बुजवायचा, असा तिथला रिवाज. पाहुण्याला ठेच लागली तर अख्खे गाव त्या दिवशी उपास करी. आणि पानावर बसलेला पाहुणा "नको" म्हणाला, तर त्याचा अर्थ "अजून वाढा" असा घेतला जाई. "भीड असते हो माणसाला," असे म्हणत लोक त्याच्या पानात आणखी दोन लाडू टाकीत.

तर या राज्याच्या वाट्याला एकदा मोठा मान आला. आसपासच्या सगळ्या राज्यांचा मिळून एक क्रीडामेळा भरत असे. कुस्ती, तिरंदाजी, धावणे, होड्यांच्या शर्यती, काय काय! आजवर तो मोठमोठ्या राज्यांतच भरला होता. या वर्षी पहिल्यांदाच डोंगरातल्या राज्याची पाळी आली. बातमी ऐकताच राणी सिंहासनावरून उठून चक्क टाळ्या वाजवू लागली.

मात्र एक अट होती. समुद्राकाठच्या राज्याचा एक खेळ मेळ्यात नव्याने आला होता. त्याचे नाव खळीचेंडू. वाकड्या काठीने छोटासा चेंडू टोलवायचा आणि टोलवत टोलवत दूरवरच्या एका खळीत, म्हणजे लहानशा खड्ड्यात, घालायचा. मग पुढची खळी, मग त्याच्याही पुढची. सर्वांत कमी टोल्यांत सगळ्या खळ्या गाठील तो जिंकला. या खेळाला साजेसे मैदान मिळाले नाही, तर अख्खा मेळाच शेजारच्या राज्यात जाणार होता.

राणीने म्हाताऱ्या सेनापतींना बोलावले. "काका, मैदान शोधा. आपल्या पोरांनी हा मेळा कधी पाहिलेला नाही. हातातोंडाशी आलेला घास जाऊ देऊ नका."

कित्येक वर्षे लढाई न झाल्यामुळे सेनापती कंटाळून गेले होते. त्यांनी मिशीला पीळ दिला. "मेळा इथंच भरेल. नाही भरला तर ही मिशी उतरवीन!"

मैदान पारखायला समुद्राकाठून पंचबाई आल्या. केस पांढरेशुभ्र, खांद्यावर वाकडी काठी, कमरेला चेंडूंची पिशवी. आल्या आल्या सेनापतींनी त्यांना लाडू वाढले. "नको, पुरे," असे बाई म्हणत राहिल्या आणि लाडू पानात पडत राहिले. शेवटी बाई पोटावर हात ठेवूनच मैदाने पाहायला निघाल्या.

सेनापतींनी आधी राजवाड्याची बाग दाखवली. बाईंनी एकच टोला मारला आणि राणीच्या महालातून मडके फुटल्याचा आवाज आला. मग नदीकाठचे रान पाहिले. तिथे चेंडू चिखलात असा रुतला, की तो काढताना सेनापतींचा जोडाही आत राहिला. मग डोंगरमाथ्यावरचा कातळ. तिथे चेंडू टणाटण उड्या मारीत दरीत गेला, आणि बाई बराच वेळ कड्यावरून खाली बघत राहिल्या.

"मैदान सपाट असून चालत नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं हिरवं असूनही चालत नाही. चेंडूला थोडी खोडी काढणारी जमीन हवी."

सेनापतींचा चेहरा उतरला. नकळत त्यांचा हात मिशीकडे गेला.

परतताना वाटेत एका खेडेगावाचा माळ लागला. लहानमोठे उंचवटे, मधून वाहणारा ओढा, मेंढ्यांनी बसून बसून केलेले वाळूचे खोलगट तुकडे. गवत मात्र मेंढ्यांनी असे कुरतडलेले, की जणू कुणी गालिचा अंथरला आहे. बाई थबकल्या. त्यांनी चेंडू ठेवला, टोला मारला. चेंडू उंचवट्यावरून वळला, ओढ्याच्या काठाशी क्षणभर थांबला आणि काठाकाठाने अलगद उताराला लागला.

"हेच!" बाई ओरडल्या. "अहो, हेच!"

सेनापतींनी पागोटे हवेत उडवले. गावकरी धावत आले, पाटील आले, हलगी वाजू लागली. बाईंनी स्वतः खुरपे घेऊन माळभर खळ्या केल्या आणि प्रत्येकीपाशी एक झेंडी रोवली. निघताना त्या पाटलांना म्हणाल्या, "मेळ्याच्या तोंडावर खेळाडूंना घेऊन येते. तोवर इथं काहीही करू नका. माळ आहे तसाच असू द्या."

बाई डोंगराआड गेल्या आणि गाव पारावर जमले.

"काहीही करू नका म्हणाल्या," पाटील म्हणाले.

"म्हणणारच," सेनापती हसून म्हणाले. "लाडवालाही नकोच म्हणत होत्या की! भीड असते हो माणसाला."

"आणि एवढ्या राज्यांचे पाहुणे यायचे. माळ असाच ठेवला तर आपलं नाक कापलं जाईल," पाटलीणबाई म्हणाल्या.

झाले! दुसऱ्या सकाळपासून गाव कामाला लागले. गाणी म्हणत त्यांनी ओढ्याअलीकडचा अर्धा माळ तळहातासारखा सपाट केला. पाहुण्यांना लेंड्या दिसू नयेत म्हणून मेंढ्या डोंगरापलीकडे हाकलल्या. आणि सर्वांत आधी काय केले असेल? रिवाजाप्रमाणे सगळ्या खळ्या बुजवल्या! वर शेणाने सारवून सुरेख रांगोळ्याही घातल्या. मला त्या लोकांचा राग येत नाही. इतक्या प्रेमाने कुणी आपले नुकसान केलेले मी तरी पाहिले नाही.

मेळा जवळ आला. पंचबाई खेळाडूंसह माळावर आल्या, आणि उभ्याच राहिल्या. ओढ्यापलीकडे गुडघाभर गवत. अलीकडे नुसते अंगण. खळी एकही नाही.

"मी पाहिलेलं मैदान कुठं गेलं?" त्यांनी हळूच विचारले.

हलगी थांबली. सेनापती पुढे आले. "बाई, तुम्ही सांगितलं होतं. आम्ही ऐकलंही होतं. पण आम्हाला वाटलं, तुम्ही भिडेपोटी म्हणताय. गावाचा दोष नाही, दोष माझा. न्हाव्याला बोलवा."

"मिशीनं चेंडू टोलवता येत नाही," बाई म्हणाल्या. "मेंढ्यांना बोलवा."

सेनापती स्वतः डोंगर ओलांडून गेले. कळपाची म्हातारी मेंढी त्यांना पाहून रवंथ करीतच राहिली.

"मावशी, चला. गवत फार वाढलंय."

"आमची लाज वाटत होती ना? मग आता तुम्हीच खा गवत," मेंढी म्हणाली. "मिशा आहेतच, दाढीही वाढवा. बोकड शोभाल."

आयुष्यात शत्रूपुढे न वाकलेल्या सेनापतींनी मेंढीपुढे हात जोडले. "चुकलो. तुम्ही सांगाल ते ऐकतो."

"मग ऐका. त्या माळाला पुन्हा कुणी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"कबूल!"

कळप डोंगर उतरून आला आणि गवतावर तुटून पडला. काय त्यांनी फडशा पाडला! पोरे ओरडून ओरडून त्यांना चेव आणत होती. बाईंनी पुन्हा खुरपे हाती घेतले, आणि या वेळी "इथं खणू का?" असे विचारून विचारून गावकऱ्यांनी खळ्या केल्या. पलीकडचा अर्धा माळ पहिल्यासारखा झाला. पण अलीकडचे उंचवटे गेले ते गेलेच. ते काही रडून परत येणार नव्हते.

बाईंनी बराच विचार केला. मेळ्यासाठी आलेली राणी, सेनापती, सारे गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"अर्धं मैदान आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तर अर्ध्यावरच दोनदा खेळू. मेळा इथंच भरेल!"

असा जल्लोष झाला, की मेंढ्यासुद्धा दचकल्या. मेळा भरला, आणि दणक्यात भरला. सपाट केलेल्या अर्ध्या माळावर लोक बसले आणि चेंडू खळीत पडला की डोंगर दुमदुमून जाऊ लागले. यजमानांचा गडी शेवटून दुसरा आला, तरी गावाने त्याची मिरवणूक काढली. फक्त एक रुखरुख राहिली. आपण कष्टाने घालवलेला तो अर्धा माळ सगळ्यांच्या बुडाखाली होता, आणि तो कुणाला विसरता येत नव्हता.

निरोपाच्या जेवणाला सेनापती लाडवांचे ताट घेऊन बाईंपाशी आले.

"लाडू?"

"नको," बाई म्हणाल्या.

सेनापतींचा हात सवयीने पुढे गेला. तो त्यांनी मोठ्या कष्टाने मागे घेतला आणि ताट उचलून ते वळले.

"अहो थांबा," बाई हसून म्हणाल्या. "इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणी माझं ऐकलं. त्या आनंदात एक वाढा."

तेव्हापासून त्या राज्यात पाहुणा आला, की लोक खड्डे बुजवण्याआधी त्याला विचारतात.

तात्पर्य: पाहुणचार मनापासून करावा, पण आधी पाहुण्याचे म्हणणे कान देऊन ऐकावे.