रविवारी आलेला पंधरा ऑगस्ट

"...मग सांगा बाबा, माझं चुकलं कुठं?"

ओहोळबाबा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा निरंजन उबाळे. गावच्या चर्चचा नवा पाळक. ज्या चर्चमध्ये बाबांनी पाळक म्हणून आयुष्य काढलं, तेच आता त्याच्या हाती आलं होतं. बाबांच्याच हाताखाली शिकलेला, बुद्धीनं तल्लख आणि स्वभावानं तितकाच कडक. चर्चमधल्या चटईची घडीसुद्धा वाकडी पडली तर त्याला चैन पडत नसे.

"सगळं पहिल्यापासून सांग," बाबा म्हणाले.

"उद्या पंधरा ऑगस्ट, आणि रविवारही. असा योग आला की ठिकठिकाणच्या चर्चमध्ये काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. वेदीवर झेंडा, उपदेशाच्या जागी कुणातरी पुढाऱ्याचं भाषण, आणि देव राहतो बाजूला. मी सांगितलं, झेंडा वेदीवर येणार नाही. देवाच्या घरात देवाचीच भक्ती."

"बरोबर आहे."

निरंजन चमकला. "बरोबर?"

"अगदी बरोबर. मीच शिकवलंय की तुला."

"मग सुभेदार खरातांना हे कळायला नको?"

बाबांचा हात थांबला.

"खरात काय म्हणाले?"

"शाळेच्या मैदानावर आठला झेंडावंदन. दोरी तेच ओढतात. म्हणून असा रविवार आला की आपली उपासना तासभर पुढं ढकलायची. का ढकलायची? मी म्हटलं, यंदा उपासना आठलाच. वेदीजवळ भाकर घेऊन उभं राहायचं की झेंड्याजवळ, तुम्ही ठरवा. तिकडं गेलात तर प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मिळणार नाही."

"मग?"

निरंजननं खिशातून लोखंडी किल्ली काढली. चर्चची किल्ली. फौजेतून परतल्यापासून चर्चचं दार, घंटा आणि मेज सांभाळणाऱ्या खरातांच्या कंबरेला ती कितीतरी वर्षं असायची.

"त्यांनी ही माझ्या टेबलावर ठेवली. दोन्ही हातांनी. 'बरं साहेब' म्हणाले आणि गेले."

...

एके काळी या गावात ख्रिस्ती वस्तीतल्या लोकांना 'परक्या देवाची माणसं' म्हणून सुनावलं जाई. त्याच गावानं पुढं आपल्या झेंड्याची दोरी त्याच वस्तीतल्या खरातांच्या हातात दिली. त्या दिवशी वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. निरंजन तेव्हा इथं नव्हता. बाबा होते. पण त्यांनी यातलं काहीच सांगितलं नाही.

त्यांनी हात पुढं केला. निरंजननं किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली. बाबांनी ती बंडीच्या खिशात टाकली आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या.

"बाबा, मग उद्या दार...?"

"उघडेल की."

पुन्हा विचारायचं निरंजनच्या जिवावर आलं. सलाम करून तो निघाला.

सकाळी तो पांढरा झगा घालून चर्चपाशी आला, तर दाराला कुलूप. अंगणात चिटपाखरू नाही. आठ वाजत आले तरी कुणाचा पत्ता नव्हता. मंडळी सगळी मैदानावर, आणि कमाल म्हणजे बाबाही तिथंच असल्याचं रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं सांगितलं.

निरंजनचं डोकं फिरलं. शिकवायचं एक आणि करायचं भलतंच! झगा गुडघ्यापर्यंत उचलून तो तरातरा मैदानाकडे निघाला.

बाबा खांबाजवळ खुर्चीवर बसले होते. निरंजन गर्दीतून वाट काढत थेट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, किल्ली—"

तेवढ्यात खरातांनी दोरीला हिसका दिला.

वर झेंडा उलगडला आणि त्यात बांधलेल्या झेंडूच्या पाकळ्या निरंजनच्या डोक्यावर, खांद्यांवर, झग्यावर बरसल्या. राष्ट्रगीत सुरू झालं. बाबा काठी टेकत उठून उभे राहिले. आता हलायची सोय नव्हती. पाळकसाहेब ऐन मैदानाच्या मध्यभागी, पिवळेधमक होऊन, ताठ उभे!

त्याच्यासमोर खरात होते. वरती टक लावलेली नजर, सलामीचा हात कपाळाशी. या माणसाकडे आपण कधी नीट पाहिलंच नाही, असं निरंजनला वाटलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की सगळ्यांत मोठा आवाज आपलाच लागला आहे.

राष्ट्रगीत संपलं.

"बाबा, किल्ली," तो हळूच म्हणाला.

"माझ्याकडे कुठंय? काल दिवस मावळायच्या आतच ज्याची त्याला देऊन आलो."

निरंजननं खरातांकडे पाहिलं. खरातांनी मान खाली घातली.

"कुलूप नुस्तं अडकावलंय साहेब. शेरडं आत शिरत्यात म्हणून. वढलं आसतं तर निघालं आसतं."

"म्हणजे दार उघडंच होतं?"

"पहाटंच उघडलं. चटया टाकल्यात. भाकर आन् द्राक्षरस मेजावर झाकून ठिवलाय."

"पण..." निरंजन एक पाऊल पुढं आला. "तुम्हाला मी प्रभुभोजन नाही म्हटलं होतं."

"मला नाय म्हणलं व्हतं साहेब. मंडळीला तर लागंल ना."

...

निरंजनला लाज वाटली. भर मैदानात, इतक्या माणसांसमोर, डोळ्यांत पाणी येईल इतकी लाज वाटली.

"सुभेदार," तो म्हणाला, "घंटा तुम्हीच वाजवा. तुम्ही वाजवल्याशिवाय मी सुरू करणार नाही."

घंटा वाजली. मंडळी आली. झेंडा मैदानावरच राहिला, वेदीवर काही आला नाही. खरात आत आले आणि दाराजवळच्या शेवटच्या चटईवर बसले.

प्रभुभोजनाची वेळ झाली. निरंजन वेदीवरून खाली उतरला, सगळ्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेला आणि खरातांचा हात धरून त्यांना पुढं घेऊन आला. मेजाच्या उजव्या बाजूला, त्यांच्या नेहमीच्या जागी, त्यांना उभं केलं. मागं कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

मग निरंजन भाकरीवरचं पांढरं फडकं काढायला वाकला. त्याच्या बाहीच्या चुण्यांत अडकलेली झेंडूची एक पाकळी अलगद त्या फडक्यावर पडली.

सवयीनं त्याचा हात ती झटकायला गेला.

पुढच्या चटईवरून बाबांचा आवाज आला, अगदी हळू, त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढाच.

"राहू दे रे... या मेजाला तू-मी चालतो, मग एका पाकळीचं काय!"