मेन बोर्डाची पूजा

“नुसती ओल हाय म्हणं! आरं, नुसत्या ओलीनं बोर्ड चरचरतोय व्हय?” हणमंता तळमजल्यावरच्या आपल्या पिठाच्या गिरणीत एकटाच भांडत हुता. ज्याच्याशी भांडण, तो शॉपिंग सेंटरचा मॅनेजर देशमाने वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसल्याला.

जिन्याखालच्या मेन बोर्डावर छताचं पाणी झिरपायचं, खाली थारोळं साचायचं. रोज सकाळी तिथला खटका हणमंता ओढायचा. त्याची बायको शेवंता मागं वाळली काठी धरून हुबी ऱ्हायची. नवरा चिकटला तर फटका मारून सोडवाया. गिरणी घरघरली की मग दोघं श्वास सोडायची. तीनदा तक्रार झाली. देशमाने म्हणायचा, “घाबरट हायस लेका. काय हुत न्हाय.”

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असती. बोर्डाला पहिलं हळदकुंकू लावायचा मान देशमान्याचाच, दुसऱ्यानं लावलं तर रुसायचा. सगळे गाळेवाले जमले. देशमाने साहेब ताट घिऊन पुढं आले.

“साहेब, देवाचं काम. बूट काढा,” हणमंता म्हणाला.

साहेबांनी बूट-मोजे काढले, तेवढ्यात बोर्ड चरचरला. पाऊल पुढं पडंना. मागं बघत्यात तर शेवंता काठी उगारून हुबी.

“ही काठी कशाला?”

“तुम्ही चिकटला तर सोडवाया. रोज माझ्यामागं असती, आज मान तुमचा,” हणमंता म्हणाला.

साहेबांनी पायाखाली बघितलं. “आरं, पण... खाली पाणी हाय की!”

“दिसलं न्हवं? मग ताट ठेवा खाली अन् वायरमन बोलवा. आत्ता.”