चक्कीखालचं जेवण

फार फार वर्षांपूर्वी, मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका, एका उंच डोंगरावर एक राज्य होतं. पाणी खाली दरीत आणि माणसं वर! म्हणून तिथे वाऱ्यावर फिरणाऱ्या चक्क्या होत्या. त्या पाणी वर चढवत.

नवी चक्की पारखण्याचं काम तानूबाई सुतारणीचं. पसंत पडली, की ती तापल्या लोखंडानं खांबावर खूण उमटवायची. पण त्याआधी एक रीत होती. चक्की बसवणाऱ्यानं भर वाऱ्यात तिच्याच खाली बसून जेवायचं.

एकदा परमुलखातला व्यापारी पितळी पात्यांच्या चक्क्या घेऊन आला. त्याच्या माणसांनी अर्ध्या दिवसात पहिली चक्की वाड्यापुढे उभी केली. राजा बघतच राहिला.

तानूबाईनं पाती वाजवली, कणा चाचपला. "चक्की अस्सल आहे, महाराज. पण बसवणारे हात कसे आहेत, ते जेवणात कळेल."

"आठ दिवसांवर जत्रा आली आणि तुला जेवणं सुचतात?" राजा कडाडला. "उद्या खूण कर, नाहीतर ते लोखंड खाली ठेव!"

तीस वर्षं तानूबाईनं त्या लोखंडाला जीव लावला होता. पण खोटी खूण? छे, मुळीच नाही!

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. तिनं चक्कीखाली पान मांडून पिठलं-भाकरी वाढली. "बसा, शेटजी."

"मी? आज माझी एकादशी आहे."

"अगं बाई! कालच तर पुनव झाली. आज एकादशी कुठून उगवली?"

लोक खो खो हसले. व्यापाऱ्यानं आपल्या माणसांकडे पाहिलं, तर ती माणसं म्हणाली, "आम्ही जेवून आलोय."

"मग मीच बसतो!" म्हणत राजा पुढे झाला. तानूबाईनं थेट त्याचा हात धरून त्याला मागे ओढलं. तेवढ्यात चक्की कलली आणि धाडकन पानावर आडवी झाली. तिच्या खांबाचा खड्डा जेमतेम वीतभर खोल होता.

राजा खजील झाला. "तानूबाई, लोखंड तुझंच."

"मग ही माणसंही जत्रेपर्यंत माझी," ती म्हणाली. तिनं त्यांना पुरुषभर खड्डा खणायला आणि दगड ठोकून भरायला शिकवलं.

जत्रेच्या दिवशी वारा पिसाटला होता. ती सगळी माणसं आपापल्या चक्कीखाली मांडी घालून जेवली. वर पाती घोंघावत होती, पाणी डोंगर चढत होतं, लोक ढोल बडवत होते. व्यापाऱ्यानं तर दोनदा भाकरी मागून घेतली. तानूबाईनं खांबांवर खूण उमटवली आणि बसवणाऱ्यांच्या मनगटात तांब्याचं कडं घातलं. तेव्हापासून त्या राज्यात कडं पाहिल्याशिवाय कुणी चक्की बसवून घेतली नाही.

तात्पर्य : वस्तू कितीही अस्सल असो, तिची खरी पारख ती बसवणाऱ्या हातांत असते.