बदकीणबाईंचं अडेल दार

बदकं उन्हाळ्यात हवापालटाला जायची, त्या काळची गोष्ट. बदकीणबाईंचं तळ्याकाठचं जुनं घर सुतारपक्षी दुरुस्त करत होता. छप्पर झालं, राहिलं अडेल दार. पाठमोरं होऊन ढुंगणानं ढकललं तरच ते उघडायचं.

"पाहुण्यांसमोर लाज वाटते हो. उद्या सरळ करा," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी कोल्होबा आला. नाकानं ढकललं, पंजानं ढकललं, दार हलेना. आत बाईंनी पिल्लाला पंखाखाली ओढलं. तेवढ्यात पिल्लू ओरडलं, "मामा, ढुंगणानं ढकला!"

"शी! आमच्या घराण्यात असं करत नाहीत," म्हणत कोल्होबा तरातरा निघून गेला.

सकाळी सुतारपक्षी रंधा घेऊन दारात हजर.

"रंग हवा तो द्या, भाऊ, पण दाराला हात लावाल तर बघा!" बाई आतून म्हणाल्या. "चहा झालाय, या."

सुतारभाऊंनी रंधा खाली ठेवला, दाराकडे पाठ केली आणि ढकललं.